दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही: औसा ते आयोवा, एक प्रकरण अभ्यास

तक्रार यजमान घराकडून आली, मुलीकडून नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका लहान गावातून यजमान आईने विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमाच्या स्थानिक समन्वयकांना कळवलं: मुलगी गुणी आहे, पण तिला आमचं घर आवडलेलं दिसत नाही. जेवायला विचारलं की नको म्हणते, सुट्टीच्या दिवशी खोलीतून बाहेर येत नाही, रात्री दार लावून तासतासभर फोनवर असते. दुसऱ्या एखाद्या घरात ती जास्त रमेल का, असंही त्यांनी विचारलं होतं. त्याच आठवड्यात मुलीची आई औसा तालुक्यातून मला फोनवर सांगत होती, "मॅडम, लेकरू उपाशी ऱ्हायलंय तिकडं. पोटभर देत न्हाईत वाटतं."

दोघीही आपापल्या जागी खरं बोलत होत्या. मुलगी उपाशी राहत होती आणि घरात अन्नाला तोटा नव्हता.

मी लातुरात शाळांमधून समुपदेशनाचं काम करते. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांशी मराठीत बोलायला कुणीतरी हवं असतं, म्हणून या कामात ओढली गेले. मुलीची आणि आईवडिलांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला इथे मुक्ता म्हणू.

दहावीनंतरच का

किल्लारी परिसरातलं, 1993 च्या भूकंपानंतर पुनर्वसित झालेलं गाव. वडिलांची पाच एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. आई अंगणवाडीत मदतनीस. घरात आजी, आणि शेजारीच काका. मुक्ता अभ्यासात पहिल्यापासून पुढे. दहावीला लातूर बोर्डातून नव्वदच्या वर टक्के पडले आणि त्याच वर्षी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत एक शैक्षणिक वर्ष काढण्यासाठी तिची निवड झाली.

अशा देवाणघेवाण योजना नव्या नाहीत. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकातून उभी राहिलेली एएफएस ही संस्था 1947 पासून शाळकरी मुलांची अदलाबदल करते. रोटरीचा स्वतःचा कार्यक्रम आहे. अमेरिकी सरकारच्या पैशांवर चालणारी केनेडी-लुगर योजना 2002 ची. मुक्ता कोणत्या वाटेने गेली याला इथे महत्त्व नाही. अमेरिकेपुरते नियम जवळपास सारखेच आहेत. मूल कार्यक्रम सुरू होताना 15 वर्षं पूर्ण झालेलं आणि साडेअठराच्या आतलं हवं, आणि बालवाडी सोडून शाळेची 11 पेक्षा जास्त वर्षं झालेली नसावीत. म्हणजे बारावी झाली की दार बंद. आपल्याकडच्या मुलांना त्यामुळे दहावीनंतरची वेळ सोयीची पडते, आणि लातुरात नेमकी तीच वेळ अकरावी आणि नीटच्या क्लासच्या प्रवेशाची असते.

काकांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, "वर्ष वाया चाललंय की हे?" एक निरीक्षण नोंदवते. ज्या शहरात नीटसाठी पुन्हा एक वर्ष बसणाऱ्यांच्या वेगळ्या बॅचेस भरतात आणि त्याला कुणी वाया म्हणत नाही, त्या शहरात हा प्रश्न विचारला जातो. वडिलांनी मात्र एकदाच सांगून टाकलं, जाऊ द्या तिला. मुंबईच्या वकिलातीतल्या मुलाखतीसाठी बापलेक रात्रीच्या रेल्वेने गेले, व्हिसा मिळाला, आणि ऑगस्टमध्ये मुक्ता निघाली.

ताट

यजमान घर म्हणजे आई, वडील आणि दोन मुलं: एक मुक्ताच्याच वयाची मुलगी, एक धाकटा मुलगा. वडील शेतकऱ्यांच्या सहकारी धान्य कोठारावर कामाला. यजमान कुटुंबांना मूल ठेवून घेण्याचे पैसे मिळत नाहीत, हाही नियमच आहे. हे मी पालकांना आवर्जून सांगते, कारण "पैसे घेतात आणि नीट ठेवत नाहीत" ही शंका आपल्याकडे पटकन डोकावते.

पहिल्या संध्याकाळी यजमान आईने विचारलं, अजून वाढू का? मुक्ता म्हणाली, नको. आपल्याकडे हे नको म्हणजे नुसती सुरुवात असते. वाढणारी म्हणते, अगं घे गं, एवढ्यानं काय होतंय. खाणारी ताटावर हात आडवा धरते. मग ताटात पडतंच. तिसऱ्या वेळेला नको म्हटलं तर ते खरं. आयोवात पहिल्याच नकाराला मान दिला गेला, भांडं पुढे सरकलं आणि जेवण संपलं. मुक्ता अर्धपोटी उठली. दुसऱ्या दिवशीही तेच.

रात्री भूक लागायची. फ्रीज समोर होता आणि "तुला हवं ते घे" असं तिला सांगितलंही होतं. पण लोकांच्या घरातला फ्रीज आपल्या हाताने उघडायचा? औशातल्या एखाद्या पाहुणीने असं केलं असतं तर त्याची चर्चा पुढच्या लग्नापर्यंत चालली असती.

प्रस्थानपूर्व शिबिरात मुलांना एक वाक्य घोटून दिलं जातं: तुम्ही पाहुणे नाही, घरचेच. वाक्य चांगलं आहे, हेतूही चांगला आहे. मुक्ताच्या बाबतीत त्याने गुंता वाढवला, आणि या प्रकरणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. घरची मुलगी म्हणजे काय, हे तिला सोळा वर्षं शिकवलेलं होतं. घरची मुलगी आधी दुसऱ्यांना वाढते, वडील आणि आजी जेवल्यावर आईबरोबर बसते, उरलंसुरलं पाहून घेते. ती आयोवात घरची होऊ लागली तशी सगळ्यांचं होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहू लागली. तिथे सगळे एकदम ताट घेऊन बसतात. ओट्यापाशी थांबलेली मुलगी यजमान आईला रुसलेली वाटली. तिच्या मनात येई, हिला आमच्याबरोबर बसायचं नाही. पाहुणी म्हणून मुक्ता आग्रहाची वाट पाहत होती, घरची म्हणून आपली पाळी यायची. दोन्ही वाटा तिला रिकाम्या ताटाकडे नेत होत्या.

स्थानिक समन्वयक बाई अनुभवी होत्या. नियमानुसार समन्वयक यजमान घरापासून 120 मैलांच्या आत राहणारा असावा लागतो आणि त्याने दर महिन्याला मुलाशी बोलायचं असतं. या बाई फोनवर न थांबता स्वतः गेल्या. घर बदलण्याआधी मला आणि पालकांना व्हिडिओवर घेतलं. मी त्यांना आपल्याकडची पंगत समजावून सांगितली. त्या हसल्या, मग म्हणाल्या, हे त्या कुटुंबाला तिनेच सांगायला हवं.

तिने ते सांगितलं. सोपं गेलं नाही. "मला भूक लागली आहे" हे वाक्य तिने समन्वयक बाईंसमोर आधी म्हणून पाहिलं. पुढे तिने मला सांगितलं, अमेरिकेतलं सगळ्यात अवघड इंग्रजी वाक्य तेच होतं. यजमान आईला रडू आलं. आपल्या घरात लेकरू दोन महिने अर्धपोटी झोपतंय हे कुठल्याही आईला लागणारच. ठरलं ते असं: जेवायला सगळ्यांबरोबर बसायचं, आपल्या हाताने घ्यायचं, रविवारी दुपारचा स्वयंपाक मुक्ताने करायचा. पहिल्या रविवारी तिने गव्हाच्या पिठाचे धपाटे केले. ज्वारीचं पीठ मिळालं नव्हतं आणि मिरच्याही कमी घातल्या होत्या, तरी धाकट्या मुलाने पाणी पीत पीत तीन खाल्ले. घर बदलायचा विषय तिथे मिटला.

फोन

दुसरी तक्रार फोनची. औसा आणि आयोवात उन्हाळी वेळेप्रमाणे साडेदहा तासांचं अंतर. तिकडे रात्री साडेनऊला इकडे सकाळचे आठ. अंगणवाडीला निघण्याआधी आई, आजी, वडील, कधी काकूही, सगळे फोनभोवती गोळा व्हायचे. रोज. आईचा पहिला प्रश्न काय जेवलीस, आणि मुक्ता रोज खोटं सांगायची. तरी आईने ओळखलंच.

खोटं इकडूनही चाललं होतं. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन फुलोऱ्यात सोयाबीनने माना टाकल्या होत्या. वडिलांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं, लेकराला काय सांगायचं न्हाई, तिकडं जीव लागणार न्हाई तिचा. तिने विचारलं की सांगायचे, बरंय पीक. मुक्ता मोबाइलवर लातूरच्या बातम्या वाचत होती. बरंय म्हणताच तिला आणखी भीती वाटायची, आणि ती दुसऱ्या रात्री आणखी लांब फोन करायची.

रोजचा फोन बंद करा म्हणून सांगणं सोपं असतं. पाळलं जात नाही. इथे काम केलं ते घड्याळाने. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे घेतली आणि अंतर साडेअकरा तासांचं झालं. तिच्या रात्री साडेनऊला इकडे नऊ वाजू लागले. आई तोवर अंगणवाडीत. इकडच्या आठला फोन करायचा तर तिकडे साडेआठ, म्हणजे यजमान घर एकत्र बसून खेळ नाहीतर टीव्ही बघायचं ती वेळ. वडिलांना घड्याळ असं सरकारी हुकमाने मागेपुढे होतं हेच पटेना. पण रोजचं जमेना तेव्हा मीच सुचवलं, बुधवार आणि रविवार ठरवून टाका, आणि या दोन दिवशी शेतातलं खरं सांगा. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सांगतो. पन ती रडली तर तुमी बगा."

ती रडली नाही. तिने विचारलं, विमा भरला होता का?

बुशेल आणि क्विंटल

त्या बातमीचा एक परिणाम मला अपेक्षित नव्हता. आयोवा हे अमेरिकेतल्या सर्वांत जास्त सोयाबीन पिकवणाऱ्या राज्यांपैकी एक आहे. यजमान वडील रोज सोयाबीनच्याच ट्रकांचं वजन करत होते आणि मुक्ता ज्या गावातून आली तिथली निम्मी बोलणी सोयाबीनची, पण दोन महिने याचा पत्ता दोघांनाही नव्हता. एका रात्री तिने जेवताना भाव विचारला. ते म्हणाले, बुशेलला बारा-तेरा डॉलर. बुशेल म्हणजे काय, इथून गणित सुरू झालं: सोयाबीनचा बुशेल 60 पौंडांचा, म्हणजे 27 किलोच्या थोडा वर. तिने वहीत रुपयांत काढलं, क्विंटलला साधारण 3800 ते 3900. आपला त्या वर्षीचा हमीभाव 4600. यजमान वडिलांनी वही दोनदा तपासली. मग उत्पादन निघालं. तिकडे एकरी 55 ते 60 बुशेल, म्हणजे 15-16 क्विंटल. आमच्याकडे बऱ्या वर्षी सात-आठ, आणि त्या वर्षी त्याहून किती कमी, हे सांगताना ती अडखळली.

पुढच्या शनिवारी ते तिला कोठारावर घेऊन गेले. तिने घरी पाठवलेले फोटो मी पाहिले आहेत: सोयाबीनच्या राशी आणि मधोमध ही, अंगात कुणाचातरी मोठा कोट. गप्प मुलगी बोलायला लागली ती इथे. मुलांना रुळवण्यासाठी नेहमी सण, नाच, पोशाख यांचे कार्यक्रम केले जातात. मला त्यांचं फारसं कौतुक नाही. या मुलीला साडी नेसून दिवाळीवर बोलायला लावलं होतं, तेव्हा ती पाठ केलेलं बोलून खाली बसली होती.

शाळा

शाळेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे त्रास कमी झाला. गणित सोपं गेलं. शिक्षक नव्हे तर मुलं वर्ग बदलतात, लॉकरचं कुलूप उघडत नाही, बाई तुझं मत काय विचारतात, हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडलं. मार्चमध्ये ट्रॅकच्या संघात धावायला लागल्यावर मैत्रिणीही झाल्या.

एक प्रसंग मात्र गंभीर होता. इतिहासाच्या निबंधात तिने एका संकेतस्थळावरचे तीन परिच्छेद जसेच्या तसे उतरवले. शून्य गुण मिळाले आणि समन्वयकांना पत्र गेलं. मुक्ताला आपलं काय चुकलं हेच कळेना. दहावीत गाइडमधलं उत्तर शब्दशः लिहिलं तर पूर्ण गुण पडतात, आणि शब्द बदलला तर शिक्षक म्हणतात, स्वतःच्या मनाचं लिहू नकोस. वडिलांनी मला विचारलेला प्रश्न अगदी प्रामाणिक होता: "पन उत्तर बरोबर हुतं ना?" शिक्षिकेने पुन्हा लिहायची संधी दिली. या वेळी मुक्ताने आपल्या आजीकडून फोनवर ऐकलेलं 1972 च्या दुष्काळाचं लिहिलं आणि त्याच्या शेजारी 1930 च्या दशकात अमेरिकेत धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त झाली त्याचं. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांची हकीकत त्या शाळेत बहुधा पहिल्यांदाच पोचली असावी.

जानेवारी

11 जानेवारी 2024 ला येळवस, म्हणजे वेळा अमावस्या होती. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको: घरं ओस, सगळी शिवारात, भज्जी, आंबील, उंडे. मुक्ताच्या फोनवर व्हिडिओंचा पाऊस पडला. तिच्या खिडकीबाहेर हिमवादळ होतं. त्या आठवड्यात आयोवात पारा शून्याखाली विशीच्या आसपास उतरला; 15 तारखेला राज्यात अध्यक्षीय उमेदवारीसाठीच्या पक्षसभा होत्या आणि इतक्या थंडीत त्या कधी झाल्या नव्हत्या. शाळा बंद, संध्याकाळी लवकर अंधार. त्या आठवड्यात तिने पहिल्यांदा परत येऊ का विचारलं. समन्वयक बाईंनी मन वळवायचा प्रयत्न केला नाही. तिकिटाची माहिती देते म्हणाल्या, पण शाळा उघडल्यावर आठवडाभराने. शाळा उघडली, आणि विषय कुणी पुन्हा काढला नाही.

भोंगा

आजीने या मुलीला लहानपणापासून एकच गोष्ट पढवली होती: जमीन हलली की बाहेर पळ, मागं बघू नको. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची ओझी खाली आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आजीचे दोन भाऊ ढिगाऱ्यातून निघाले नाहीत. नंतर कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेली ही माणसं. छताखाली अडकायचं नाही, हे त्या घरात न सांगता कळतं.

आयोवात वसंतात चक्रीवादळांचे (टॉर्नेडोंचे) भोंगे वाजतात. तिथला नियम उलटा: भोंगा झाला की तळघरात. गावात दर महिन्याला भोंग्याची चाचणी होई, ती तिला माहीत होती. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात खरा भोंगा वाजला तेव्हा घरातले सगळे जिन्याने खाली धावले आणि मुक्ता मागच्या दाराने अंगणात. यजमान वडिलांनी तिला दंडाला धरून ओढत आत आणलं आणि मोठ्याने ओरडले. तळघरात ती भिंतीला पाठ लावून थरथरत होती. वादळ गावापासून दूर गेलं.

समन्वयकांच्या नोंदीत सुरुवातीला हे "सुरक्षा सूचनेचं उल्लंघन" म्हणून आलं होतं. मला फोन आला तेव्हा मी फक्त गावाचं नाव सांगितलं आणि नकाशावर किल्लारी किती जवळ आहे ते बघा म्हटलं. नोंद बदलली गेली. यजमान वडिलांनी तळघरातला वरचा झरोका तिला उघडून दाखवला, जिन्याशिवाय तिथूनही बाहेर पडता येतं हे दोनदा चढून उतरून दाखवलं. 21 मे ला त्याच राज्यातलं ग्रीनफिल्ड हे गाव वादळाने मोडून पडलं तेव्हा भोंगा त्यांच्याकडेही वाजला होता. ती खाली गेली, झरोक्याखाली बसली.

परत आल्यावर

जूनमध्ये ती आली. कार्यक्रम संपला की परतायचं असतं. "तिकडंच सेटल का नाही झाली" हा प्रश्न गावात पुष्कळांनी विचारला. पहिले काही आठवडे आई वाढायला आली की ती सरळ "बास" म्हणायची आणि खरंच बास असायचं. आजीला ते लागलं. आणि ती सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागली, आईलाही बसवू लागली, यावर काकूंनी दोन शब्द ऐकवले. वडील काही बोलले नाहीत, थोडे सरकून बसले.

अकरावीचा प्रवेश एका वर्षाच्या खंडाच्या प्रतिज्ञापत्रावर झाला. दहावीच्या मैत्रिणी बारावीत. यजमान वडील अजून हंगामात बुशेलचा भाव कळवतात, ती क्विंटलमध्ये उत्तर देते. बारावीनंतर काय, यावर घरात एकमत नाही. काका नीटच म्हणतात, मुक्ता परभणीच्या कृषी विद्यापीठाचं नाव काढते, आणि वडील दोघांनाही सांगतात की आधी सीईटीचा फॉर्म भरा.